कारखानीसकाकांची दिवेकरीण

कारखानीसकाकांना जपानी भाषेतला एकच शब्द वाचता येतो, आणि त्याचा अर्थ ‘या वेळी नाही’ असा आहे.

दोन चित्राक्षरांचा शब्द आहे. जपानी मासिकातली एखादी चित्रमालिका त्या अंकात येणार नसेल, तर शेवटच्या पानावर तिच्या नावापुढे हा शब्द बारीक टायपात छापतात. काका राहतात आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, इथे अमेरिकेतल्या कॅरी गावात, गल्ली जिथे संपते त्या गोल वळणावर. दर दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड अंक पोस्टाने येतो. काका गराजच्या दारातच पाकीट फाडतात, थेट शेवटचं पान उघडतात, त्यावरून बोट फिरवतात, तो शब्द सापडला की मान डोलावतात आणि अंक मिटून टाकतात. बाकीच्या पानांकडे ढुंकून बघत नाहीत.

“चला,” म्हणतात, “या वेळी नाही. म्हणजे नाव छापलंय. नाव छापलंय म्हणजे बंद नाही, थांबली आहे.”

हे वाक्य आमच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

काका सत्तरी ओलांडलेले. कॅरीत भारतीय वाणसामान एका गृहस्थाच्या गराजमध्ये मिळायचं, त्या काळात ते इथे आले. औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. ती कंपनी मध्ये दोनदा विकली गेली, नाव बदललं, इमारत पाडली, पण तिचं नाव शिवलेलं फ्लीसचं जॅकेट काकांच्या अंगावर अजून आहे. काकांच्या पिढीतल्या प्रत्येकाचा एक विषय ठरलेला असतो. कोणाचा गुडघा, कोणाचा कढीपत्ता, कोणाची नात. मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणात, ताट घेऊन कोणाशेजारी बसलं की काय ऐकावं लागेल, हे आधीच माहीत असतं. काकांचा विषय आहे एका जपानी विज्ञानकथेवरून काढलेल्या चित्रमालिकेचा प्रकाशनाचा इतिहास.

गोष्ट नव्हे, इतिहास. गोष्ट काय आहे असं विचारलं तर काका म्हणतात, “चांगली आहे,” आणि पुन्हा इतिहासावर येतात.

तो मलाही आता पाठ आहे. मूळ कादंबरी जुनी. आकाशात दूरदूर ठेवलेले दिवे आहेत, त्यांच्या आधाराने यानं वाट काढतात, आणि एक बाई एकटीच एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत प्रवास करत ते दुरुस्त करत फिरते. त्यावरची चित्रमालिका आधी मुलांच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. मुलांना पन्नाशीची नायिका काही आवडली नाही. वाचकांच्या मतांत ती तळाला गेली, मग तिला प्रौढांच्या मासिकात हलवलं. ते मासिकच बुडालं. मग ती प्रकाशकाच्या वेबसाइटवर आली, तिथे तिने वर्ष काढलं, आणि तिथून या जाडजूड द्वैमासिकात आली. दरम्यान अमेरिकेत तिचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि तिसऱ्या खंडानंतर आटोपलं. मग चित्रकाराचं मनगट दुखावलं आणि मालिका थांबली.

“आणि एक लक्षात ठेव,” काका इथे हमखास चमचा उगारायचे. “मासिकात सुरुवातीची काही पानं रंगीत असतात. पुस्तक काढताना ती गाळतात, नाहीतर काळीपांढरी करतात. म्हणजे ज्याने अंक बघितला त्यानेच बघितली. पुन्हा नाही.”

सगळ्या इतिहासात मला हा तपशील सर्वांत कंटाळवाणा वाटायचा.

मालिकेच्या जपानी नावाचं मराठी काकांनी ‘दिवेकरीण’ असं केलं आहे, किंवा मला तेव्हा तसं वाटत होतं की त्यांनी केलं आहे. यावरून एकदा घोटाळा झाला. लेलेकाकू नव्याने मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी काकांना कोणाला तरी सांगताना ऐकलं की दिवेकरणीला पहिल्या घरातून काढलं, दुसरं घर बुडालं, आता चौथ्या ठिकाणी आहे, आणि हात दुखावल्यामुळे सगळंच थांबलंय. लेलेकाकूंनी घास ताटातच ठेवला. कोणी मूलबाळ नाही का हो तिला, म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी मुलाला विचारून आल्या, आमचं बेसमेंट रिकामं आहे, येऊ दे बिचारीला. काकांनी त्यांना समजावलं नाही. गंभीरपणे आभार मानले आणि म्हणाले, “निरोप देतो.”

माणसांकडे बघण्याची काकांची रीतही तीच. कोणाचा लेऑफ झाला की काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “मासिक बदलायचं. मालिका तीच.” कोणाच्या ग्रीनकार्डाची तारीख पुन्हा मागे गेली की म्हणत, ही तर आपल्या लोकांची सगळ्यात लांबलेली मालिका, पण नाव छापलंय ना यादीत, मग झालं. आमच्यातलं एक जोडपं काही महिने वेगळं राहत होतं, तेव्हा सगळे कुजबुजत होते. काका भर पॉटलकमध्ये नवऱ्याला म्हणाले, “दोघांचे अंक सध्या वेगळे निघतायत, एवढंच.” तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच हसला असेल. लोक काकांना टाळायचे हे खरं, पण अडचणीत असले की आपणहून त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे, हेही खरं.

आता माझ्याबद्दल. मी कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा समज चांगला असतो. तो चुकीचा असतो. कमी बोलणारा खोटं बोलत नाही असं नाही, तो ते थोडक्यात बोलतो.

मला जपानी येतं. पुण्याच्या कंपनीने ऐन पंचविशीत मला कावासाकीला पाठवलं होतं आणि लग्न होईपर्यंत मी तिथेच होतो. दिवसभर त्यांच्या स्पेसिफिकेशन्स वाचायच्या, पुण्याच्या टीमला समजावायच्या, आणि पुण्याच्या चुकांबद्दल जपानीत माफी मागायची. भाषा इतकी अंगात मुरली होती की स्वप्नातही मी कोणाची तरी माफी मागत असे.

तीनेक वर्षांपूर्वी काकांनी मला इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं. त्यांच्या बायकोला, शरयूकाकूंना, नुकतंच रीहॅबमधून घरी आणलं होतं. काकूंना स्ट्रोक आला होता. काका म्हणाले, “नितीन, तू जपानला होतास ना रे? वाचता येतं का अजून?”

मी म्हणालो, “नाही हो काका. विसरलो सगळं.”

मला वाटलं, हो म्हणावं तर दर शनिवारी बोलावतील, मनगटाच्या बातम्या वाचून घेतील. शनिवार गेला की उरतं काय. काका म्हणाले, हो, वापरली नाही की भाषा जाते. आणि माझं तांदळाचं पोतं उचलायला त्यांनी हात लावला. घरी येऊन मी हे अश्विनीला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. ते आज इथे सांगतोय.

काकूंबद्दल सांगायला हवं. शरयूकाकू पुण्यात जपानी शिकवायच्या. इथे आल्यावर औषध कंपन्यांच्या जपानी कागदपत्रांची भाषांतरं करायच्या, आणि आमच्या मुलांना मंडळाच्या नाटकात उच्चार चुकला की जिभेने ‘च्च’ असा आवाज करून थांबवायच्या. त्या ‘च्च’ला मोठी माणसंही घाबरत. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’, एवढंच उरलं, तेही रोज नाही.

आपल्याकडे आजाराचं विचारायची एक पद्धत आहे. पहिले दोन महिने डबे जातात, फोन जातात. मग आपण विचारणं थांबवतो, कारण उत्तर तेच असणार आणि उत्तर देणाऱ्याला त्रास होईल. याला आपण समजूतदारपणा म्हणतो. आमच्या मंडळातही काकूंचं कोणी विचारेनासं झालं. काका एकटे पॉटलकला यायचे, एका डब्यात काकूंसाठी भरून न्यायचे, आणि त्या दोन तासांत दिवेकरणीबद्दल बोलायचे. पूर्वीपेक्षा जास्त बोलायचे. कुठली मालिका किती काळ थांबून परत आली, याची उदाहरणं त्यांनी कुठून कुठून जमवली होती. कोणी दम्याने थांबलेलं, कोणी भांडणाने, एक तर चित्रकार चक्क शेती करायला गेला होता तो परत आला. आम्ही ऐकून सोडून द्यायचो. ही उदाहरणं त्यांना कशाला लागत होती, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही सुचलं नाही.

मजा अशी की त्या इतिहासाने मलाच धरलं. इतका इतिहास असलेली गोष्ट आहे तरी काय, म्हणून मी एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर पहिला भाग वाचला. जपानीत. मग दुसरा. बंद पडलेल्या मासिकातले भाग एका साइटवर विकत मिळाले. काही आठवड्यांत मी मनगट दुखावलं तिथपर्यंत येऊन पोचलो आणि काकांसारखाच थांबून बसलो. तोंडाने मात्र विसरलो ते विसरलोच.

एकदा सापडता सापडता वाचलो. संक्रांतीच्या कार्यक्रमात काका एका नव्या मुलाला सांगत होते की ते मासिक वसंतात बंद पडलं. माझ्या तोंडून गेलं, “नाही, उन्हाळ्यात. शेवटचा अंक उन्हाळ्यातला होता.” काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तिळाचा लाडू तोंडात कोंबला. “बरोबर,” काका म्हणाले, “उन्हाळ्यात,” आणि पुढे गेले.

या वर्षी गणपतीच्या आधी प्रकाशकाच्या साइटवर बातमी आली: चित्रकाराचं मनगट बरं झालं, मालिका पुढच्या अंकापासून सुरू. पुढचा अंक निघाला, मी तो भाग पार्किंगमध्ये बसून वाचला, आणि गणपतीच्या पॉटलकला मी आयुष्यात पहिल्यांदा काकांशेजारी बसायच्या घाईने गेलो. काका आता केवढे रंगतील, याची मला खरोखरच उत्सुकता होती. टेबलावर सगळी मोठी माणसं होती. कोणीतरी नेहमीप्रमाणे चिडवलं, काय काका, दिवेकरणीचं काय?

काकांनी मोदकावर तूप घेतलं. “थांबली आहे,” म्हणाले. “बंद नाही.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसाला चित्रकाराच्या मनगटाच्या एक्स-रेची तारीख माहीत, त्याला हे माहीत नसणं शक्य नव्हतं. काका खोटं बोलत होते. हे मला ओळखू आलं, कारण तेही थोडक्यात बोलले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. काका एप्रन बांधून पोहे भिजवत होते. काकू सनरूममध्ये खिडकीपाशी खुर्चीत होत्या. बाहेर पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यावर लाल कार्डिनल येऊन बसला होता आणि त्या तिकडे बघत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. डायनिंग टेबलावर नवा अंक होता. पाकीट फाडलेलं नव्हतं.

“काका,” मी हळू म्हणालो, “दिवेकरीण सुरू झालीय.”

काकांनी फोडणीखालचा गॅस बारीक केला. “माहीत आहे.”

“मग काल का तसं म्हणालात?”

 मग कांदा परतता परतता, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सांगितलं. ही मालिका काकूंची. नावही काकूंनीच दिलेलं. शनिवारी सकाळी काका पोहे करायचे, काकू इथे स्टुलावर बसून भाग वाचायच्या, आधी जपानीत मोठ्याने आणि मग मराठीत, आणि काका ऐकायचे. प्रकाशनाचा इतिहास हा काकांचा वाटा, कारण गोष्टीतलं काकांना काही कळत नाही असं काकू म्हणायच्या. मालिका थांबली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू पडल्या. स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती, कुठली भाषा आधी परत येईल ते सांगता येत नाही, सगळ्या ऐकवत राहा. मराठी ते ऐकवत होते. जपानी कोण ऐकवणार? फोनवर लावून बघितलं होतं.

“फोन वाचतो रे,” काका म्हणाले, “पण तो हिच्याकडे बघून वाचत नाही.”

मी गप्प राहिलो. हे मला जमतं.

“आणि खरं सांगू का? ती थांबलेली होती ते बरं होतं. मी रोज म्हणू शकत होतो, थांबली आहे. आता सुरू झाली. आता हिच्यासमोर उघडायला हवी. उघडली, आणि ही नुसती त्या पक्ष्याकडे बघत बसली, तर मग मी काय म्हणू? मग कुठला शब्द वापरू?”

“काका, मला जपानी वाचता येतं,” मी म्हणालो. “तेव्हाही येत होतं.”

“माहीत आहे.” त्यांनी पोह्यांवर मीठ घातलं. “संक्रांतीला माझी चूक काढलीस, तेव्हा कळलं. उन्हाळ्याचं ते इंग्रजीत कुठेच नाही. मलाही मशीन ट्रान्सलेशनमधून मिळालं होतं, मी मुद्दाम वसंत म्हणून बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“ओढून आणलेला माणूस नीट वाचत नाही,” काका म्हणाले. “ती कोथिंबीर चीर. आणि मग जा, बस तिच्याजवळ. डाव्या बाजूला बस, तिकडून तिला नीट दिसतं.”

मी कोथिंबीर चिरली. हात धुतले. पाकीट मीच फाडलं, काकांनी नजर दुसरीकडे केली.

काकूंच्या मांडीवर उशी ठेवून मी अंक उघडला. सुरुवातीची पानं रंगीत होती. मी पहिली चौकट वाचली, आधी जपानीत, मग मराठीत. इतक्या वर्षांत मोठ्याने जपानी बोललो नव्हतो, आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. बाहेर कार्डिनल उडून गेला, दुसरा आला. काकू तिकडेच बघत होत्या. मी वाचत राहिलो. दिवेकरीण सगळ्यात लांबच्या दिव्यापाशी पोचते. तिथे तिचा जुना सोबती राखणीला आहे. ती यानातून उतरते, त्याला हाक मारते, जिना चढते.

पुढे काय आहे ते मला माहीत होतं. वरच्या खोलीत खुर्ची रिकामी आहे. तो गेलेला आहे.

आपल्याकडे आजारी माणसासमोर असलं काही उच्चारत नाहीत. मला कोणी शिकवलं नाही, कोणालाच शिकवावं लागत नाही. मी दोन पानं एकदम उलटली आणि जिथे ती दिव्याची काच पुसायला घेते, तिथून शांतपणे पुढे वाचायला लागलो. थोडक्यात.

“च्च.”

मला आधी वाटलं, बाहेरचा पक्षी. मग पानावर काकूंचा डावा हात आला. बोटं नीट वळत नव्हती, कागद दोनदा निसटला, पण त्यांनी ती दोन पानं मागे आणली, आणि रिकाम्या खुर्चीच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. धडा गाळून पुढे पळणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघतात तसं.

स्वयंपाकघराच्या दारात काका पोह्यांच्या बशा घेऊन उभे होते. त्या एका शब्दापलीकडे त्यांना जपानी कळत नाही, पण मी काहीतरी गाळलं होतं आणि ते तिला कळलं होतं, एवढं त्यांनी बघितलं होतं.

मी गाळलेली चौकट वाचली. जपानीत, आणि मग मराठीत: “तो माझी वाट बघत इथेच बसला होता. दिवा मात्र त्याने विझू दिला नाही.”

काकूंचं बोट खालच्या चौकटीवर सरकलं. मी तीही वाचली.

काका जवळ आले. बशा खाली ठेवायचं त्यांना सुचलं नसावं, त्या तशाच हातात होत्या. आता ते त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणतील, निदान त्यातला एखादा शब्द बदलून म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी तो विषयच काढला नाही. ते खाली वाकून पानाकडे बघत होते. रंगीत होतं, निळं आणि मधोमध पिवळं.

“शरयू,” ते म्हणाले, “ही पानं पुस्तकात येत नाहीत. नीट बघून घे.”